वर जळजळ, खाली अडलेलं: मासेबाजारातल्या एका मावशींचं प्रकरण

मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या किनाऱ्यावर राहणाऱ्या, मासे विकणाऱ्या ५४ वर्षांच्या बाई. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. बाजारात त्यांना सगळे मावशी म्हणतात, इथेही तेच म्हणू. दोन वर्षांपासून छातीत जळजळ, गेले काही महिने जवळजवळ रोज. "रातचा जेवान गळ्यापर्यंत येता, डॉक्टरांनू. आणि हयसर आग पडता," असं म्हणत त्यांनी छातीच्या मधल्या हाडावर तळहात ठेवला. रात्री ठसका लागून जाग येते, सकाळी आवाज बसलेला असतो. मासे विकणाऱ्या बाईचा आवाज बसला की गिऱ्हाईक शेजारणीकडे जातं. खरं तर त्या आल्या होत्या आवाजासाठीच.

बद्धकोष्ठाचा उल्लेख त्यांनी केला नाही. आमच्याकडे तो आपणहून फारसं कुणी करत नाही. पित्त झालंय, गॅस धरलाय, ॲसिडिटी वाढलीय, इथपर्यंत लोक मोकळेपणाने बोलतात. त्याखालचं सगळं विचारून काढावं लागतं, तेही सोबत आलेल्या मुलाला बाहेर बसवून. विचारल्यावर कळलं की आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा होतं. खड्यांसारखं, जोर करून. झाल्यावरही आत काही राहिल्यासारखं वाटतं. अधूनमधून रक्ताचे थेंब. किती दिवस? "झाली असतील चार-पाच वर्सां." म्हणजे जळजळीच्या कितीतरी आधीपासून.

या दोन तक्रारी वेगवेगळ्या नव्हत्या असं माझं मत आहे. त्यांना एकत्र बांधलं होतं दिवसाच्या वेळापत्रकाने, आणि ती गाठ आवळली होती औषधांच्या पिशवीने. उपचारांचा मोठा भाग काही गोष्टी काढून टाकण्यात आणि काहींच्या वेळा हलवण्यात गेला, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी हृदय

पन्नाशी ओलांडलेली, ब्लडप्रेशर असलेली बाई छातीत आग पडते म्हणाली, तर पित्ताचं औषध लिहिण्याआधी ईसीजी काढायचा. यात चर्चेला जागा नाही. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हृदयाचं दुखणं छातीवर दगड ठेवल्यासारखंच येईल असं नसतं. ते जळजळ, मळमळ, ढेकर, जबड्यात कळ अशा रूपातही येतं आणि लोक सोडा पिऊन घरी पडून राहतात. मावशींना चढावरून टोपली घेऊन येताना काही होत नव्हतं. वाकलं की आणि आडवं झालं की होत होतं. घाम नाही, धाप नाही. ईसीजी ठीक आला. साखर, थायरॉइड, कॅल्शियम आणि मूत्रपिंडासाठीचं क्रिएटिनिन हेही पाहिलं, कारण थायरॉइड मंद असला, साखर वाढलेली असली किंवा रक्तातलं कॅल्शियम चढलेलं असलं तरी आतडं सुस्तावतं. सगळं ठीक. हिमोग्लोबिन मात्र ९.८.

पिशवी

घरातली सगळी औषधं घेऊन या म्हटलं होतं. बाजारात मासे बांधून देतात तसल्या काळ्या पिशवीत ती आली, आणि पिशवीला वास येतोय म्हणून मावशींनाच लाज वाटली. टेबलावर ओतल्यावर जे निघालं ते असं. आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल आणि मळमळीवरचं डॉम्पेरिडोन यांची एकत्र कॅप्सूल, रोज पहाटे उपाशीपोटी. गुलाबी ॲन्टासिडची बाटली, जळजळलं की झाकणभर, म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा. चघळायच्या कॅल्शियमवाल्या गोळ्या. ब्लडप्रेशरसाठी ॲम्लोडिपिन. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक, 'दुखला की'. रक्तवाढीची लोहाची गोळी, 'आठवली की'. पोटात मुरडा आला तर डायसायक्लोमिन. आणि तळाशी, जुन्या बरणीत, रात्री झोपताना घ्यायचं चूर्ण. त्याचं वेष्टन सुनेने जपून ठेवलं होतं, त्यावर पहिलंच नाव सोनामुखीचं.

एकाने लिहून दिलेलं दुसऱ्याला ठाऊक नाही, काही मेडिकलमधून मागून आणलेलं, एक नणंदेला लागू पडलं म्हणून घेतलेलं. यातलं प्रत्येक औषध आपापल्या जागी बरोबर आहे. पण सगळी एकाच पोटात गेल्यावर काय होतं ते पाहा. सोनामुखी आतड्याला चालना देते आणि त्यात काहींना मुरडा येतो. मावशींना यायचा. त्या मुरड्यासाठी डायसायक्लोमिन. ते आतड्याचे स्नायू सैल करतं, म्हणजे मुरडा थांबतो आणि त्याबरोबर मल पुढे सरकणंही मंदावतं. शिवाय अन्ननलिकेच्या तळाचा स्नायूही ते ढिला करतं, म्हणजे आम्ल वर यायला वाट. जळजळ वाढली की ॲन्टासिड. त्यातलं ॲल्युमिनियम बद्धकोष्ठाकडे ओढतं. मॅग्नेशियम उलट दिशेला ओढतं, पण दोन्ही असली तरी कुणाचं पोट कुठे झुकेल ते सांगता येत नाही. कॅल्शियम आणि लोह पुन्हा बद्धकोष्ठाच्याच बाजूचे. ॲम्लोडिपिनच्या जातीची औषधं रक्तवाहिन्यांच्या स्नायूंबरोबर अन्ननलिकेच्या त्या स्नायूलाही थोडं सैलावतात. डायक्लोफेनॅक जठराचं अस्तर सोलतं. आणि बद्धकोष्ठ वाढलं की रात्री सोनामुखीचा एक चमचा जास्त. तिथून पुन्हा मुरडा.

पँटोप्राझोल मात्र योग्य औषध होतं, वेळ चुकीची होती. त्याकडे येते.

दिवस

मावशी साडेतीनला उठतात. चहा, सोबत खारी, मशेरी (दातांना लावायची भाजलेली तंबाखू). साडेचारला बंदरावर, कारण होड्या आल्या की लिलाव कुणासाठी थांबत नाही. माल घ्यायचा, बर्फ घालायचा, टेंपोत जागा पकडायची. सातच्या आधी बाजारात फळीवर. दुपारी साडेबाराला उठणं, घरी येऊन आंघोळ, दीडला जेवण. ते दिवसाचं पहिलं खरं जेवण. संध्याकाळी हंगाम असेल तर पुन्हा फेरी. रात्रीचं जेवण साडेनऊच्या पुढे, सगळ्यांचं झाल्यावर, आणि पाणी पिऊन दहाला आडवं, कारण साडेतीनला उठायचं आहे.

जेवल्यावर, विशेषतः सकाळचा पहिला चहा-घास पोटात गेल्यावर मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो. मावशींना तो इशारा मिळायचा बरोबर लिलावाच्या वेळी. तिथे जागा नाही. बाजारात शौचालय आहे, पण कुलपात. किल्ली ज्या कार्यालयात, ते दहाला उघडतं, आणि आत पाणी असेलच असं नाही. मी विचारलं, सकाळपासून पाणी किती पिता? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "पाणी पियालंय तर मगे जावचा खय?"

या एका वाक्यात आजाराचा अर्धा इतिहास आला. आलेली कळ दाबली की मल मोठ्या आतड्यात थांबतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, खडा होतो. रोज दाबली की गुदाशयाला भरलेलं असण्याची सवय होते आणि कळच मंद होते. वर पाणीही प्यायचं नाही. बाजारात बसणाऱ्या बायकांत लघवीच्या जळजळीच्या तक्रारी मला वारंवार दिसतात, त्याही याच कुलपाच्या.

पुरावा हवा असेल तर तोही मावशींनीच दिला, सहज बोलता बोलता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत त्या सुकट, सुके बांगडे घरूनच विकतात, लावणीला जातात. तेव्हा पोट कसं असतं? "पावसात बरा असता." आहार तोच किंबहुना कमी, कष्ट तेच, औषधं तीच. फरक एवढाच की घराजवळ शौचालय होतं आणि रात्री आठला जेवण होत होतं.

पावसातली एक गोष्ट मात्र वाईट घडली होती. भातशेतीत उतरणाऱ्यांना लेप्टोपासून (लेप्टोस्पायरोसिस या तापापासून) बचाव म्हणून आमच्या भागात आठवड्याला एकदा डॉक्सिसायक्लिन देतात. मावशींनी रात्री ती कॅप्सूल चहाच्या घोटाबरोबर गिळली आणि लगेच झोपल्या. दुसऱ्या दिवसापासून चारेक दिवस थुंकी गिळतानाही छातीत सुरी फिरल्यासारखं. ही कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून विरघळली तर तिथे चक्क व्रण पडतो. लेप्टो जीव घेतो, तेव्हा गोळी चुकवायची नाही; पण पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळ्या वाटताना हे वाक्य सांगायला अर्धा मिनिट लागतो.

दुर्बीण

जळजळ असलेल्या प्रत्येकाला दुर्बीण तपासणी लागत नाही. तरुण माणूस, नेहमीची लक्षणं, दुसरं काही नाही, तर औषध देऊन बघणं पुरेसं. पण गिळताना अडकणं किंवा दुखणं, वजन आपोआप उतरणं, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्तक्षय, यांतलं काहीही असेल तर थांबायचं नाही. बद्धकोष्ठाचंही तसंच. पन्नाशीच्या आसपास नव्याने सुरू झालेलं, रक्त पडणारं, हिमोग्लोबिन उतरलेलं असेल तर मूळव्याधच आहे असं धरून चालणं मला मान्य नाही. लोह घेताना शौच काळपट होते हे खरं, पण त्या कारणाने काळ्या शौचेकडे दुर्लक्ष करू नये.

घरात वाद झाला. मुलगा गोव्यात नोकरीला, त्याचं म्हणणं वरची दुर्बीण करू, खालची कशाला? मावशींना खालचीची लाज आणि आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधाची धास्ती. शेवटी सुनेने निकाल लावला: "रजा एकदाच काढूची, तर दोनव करून घेवया." पोट रिकामं करायचं औषध मावशी घरीच प्यायल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या की चार वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

कुडाळला दोन्ही तपासण्या झाल्या. अन्ननलिकेच्या तळाला आम्लाने सोललेले चट्टे, चार प्रतींपैकी दुसऱ्या प्रतीचे. लहानसा हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छाती आणि पोटामधल्या पडद्यातल्या भोकातून थोडा छातीकडे सरकलेला. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूची चाचणी नकारात्मक. त्यासाठी पँटोप्राझोल आधी दोन आठवडे बंद ठेवलं होतं, नाहीतर चाचणी फसवते. मोठं आतडं स्वच्छ, आतली मूळव्याध सोडून काही नाही. कर्करोग नाही हे कळल्यावर मावशी पहिल्यांदा खळखळून हसल्या. ती भीती इतके दिवस मनात होती, हे तोपर्यंत कुणाला सांगितलंच नव्हतं.

बोटाने केलेल्या तपासणीबद्दलही लिहायला हवं, कारण ती बहुतेक वेळा टाळली जाते. गुदाशयात घट्ट मल होता. जोर करा म्हटल्यावर गुदद्वाराचा स्नायू नीट सैल होत होता. काहींच्या बाबतीत जोर करताना तो उलट आवळतो. अशांना कितीही जुलाबाची औषधं दिली तरी उपयोग होत नाही, त्यांना स्नायू सैल सोडण्याचं प्रशिक्षण लागतं. मावशींना ते नको होतं.

वरचं आणि खालचं

अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू खारबंधाऱ्याच्या झडपेसारखा आहे. पाणी एकाच बाजूला जाऊ द्यायचं, भरती आली की मिटून राहायचं. झडप ढिली असली तर भरतीचं खारं पाणी शेतात येतं. आणि झडप धड असली तरी पलीकडून दाब फारच वाढला तर तिचं काही चालत नाही. मावशींच्या बाबतीत दोन्ही होतं. हर्निया, औषधं आणि तंबाखूतल्या निकोटिनने झडप ढिली. दाब वाढवायला पोटाचा घेर, रोजचं कुंथणं, फळीवर मांडी घालून पुढे वाकून विळीवर मासे कापणं, आणि कमरेला परकराची नाडी कचकचून बांधलेली, कारण पैशांचा बटवा तिथेच खोचलेला असतो. शिवाय गुदाशय भरून राहिला की जठर रिकामं व्हायलाही उशीर लागतो. साडेनऊला जेवलेलं बांगड्याचं कालवण आणि भात दहाला जठरात तसंच असणार, आणि वर आडवं होणं.

काय काढलं, काय हलवलं

पहिल्या दिवशी डायसायक्लोमिन, चूर्ण आणि चघळायच्या गोळ्या बंद. डायक्लोफेनॅक बंद करून पॅरासिटामॉल आणि गुडघ्याला बाहेरून लावायचं मलम. ॲम्लोडिपिन बदलून टेल्मिसार्टन, आणि तीन आठवडे दर आठवड्याला ब्लडप्रेशर बघणं. ब्लडप्रेशरची गोळी कुणी वाचून आपली आपण बंद करू नये. लोह बंद करता येत नव्हतं, रक्त कमी होतं. ते रोजऐवजी एक दिवसाआड केलं. एक दिवसाआड दिलेलं लोह अंगी चांगलं लागतं आणि पोटाला कमी जाचतं. डॉम्पेरिडोनची गरज नव्हती.

सोनामुखीबद्दल एक खुलासा. जुलाबाच्या औषधाने आतडं कायमचं निकामी होतं ही भीती अवास्तव आहे. सोनामुखी, बिसाकोडिल ही गरजेला वापरायची चांगली औषधं आहेत. मावशींना ती मुरडा देत होती, म्हणून थांबवली.

आता पँटोप्राझोल. हे औषध जठरातले आम्लाचे पंप बंद करतं, पण फक्त चालू असलेले. पंप चालू होतात जेवणाने. म्हणून ते जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायचं, म्हणजे जेवण पोटात जाईपर्यंत औषध रक्तात हजर असतं. रक्तातून ते दोन-तीन तासांत ओसरतं. 'सकाळी उपाशीपोटी' हा सल्ला आठला नाश्ता करणाऱ्या माणसासाठी आहे. मावशी पहाटे चारला गोळी घ्यायच्या आणि पहिलं जेवण दीडला. गोळी यायची, पंप झोपलेले, निघून जायची. दोन वर्षं रोज, पदरचे पैसे घालून. आम्ही ती संध्याकाळी साडेसहाला नेली, रात्रीच्या जेवणाआधी, कारण त्रासही रात्रीचाच होता. ४० मिलिग्रॅम, आठ आठवडे.

पण त्यासाठी जेवण सातला हवं. हे सगळ्यात अवघड निघालं. मुलगा सुट्टीवर घरी असला की नऊला जेवतो, नवरा मालिका बघत जेवतो, आणि घरच्या बाईने सगळ्यांच्या आधी ताट घ्यायचं ही कल्पनाच मावशींना सोसेना. "लोक काय म्हणतीत, सासू आधीच जेवन बसली?" सुनेने सातला त्यांच्यापुढे पेज, माशाची कढी आणि भाजी आणून ठेवायला सुरुवात केली. नऊला सगळे बसले की मावशी वाढायला बसतात, गप्पा मारतात, जेवत नाहीत. यात माझं काहीच कर्तृत्व नाही.

झोपायचं कसं? उशीवर उशी ठेवून कमरेत वाकून झोपलं तर पोटावर दाब वाढतो. पलंगाची डोक्याकडची बाजूच १५ ते २० सेंटिमीटर उचलायला हवी. मावशी जमिनीवर झोपायच्या; घरातला लाकडी पलंग गोधड्या आणि चाकरमान्यांच्या बॅगा ठेवायला. तो रिकामा केला आणि डोक्याकडच्या पायांखाली दोन जांभ्या चिरे आडवे टाकले. चिऱ्याची उंची साधारण तेवढीच भरते. डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, कारण त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं.

खालचं आधी मोकळं करावं लागतं. गच्च भरलेल्या गुदाशयावर चोथा (फायबर) ओतला तर फक्त पोट फुगतं, आणि मग लोक म्हणतात इसबगोलने गॅस होतो. पहिले काही दिवस पॉलिथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यातून, दिवसातून दोनदा, मग एकदा. हे औषध आतड्यात पाणी धरून ठेवतं, मुरडा फारसा देत नाही. मोकळं झाल्यावर इसबगोल, संध्याकाळी एक चमचा, पेलाभर पाण्यातून, हळूहळू दोन.

शौचाची वेळ आम्ही सकाळची सोडूनच दिली. सकाळीच पोट साफ झालं पाहिजे हा आग्रह आपल्याकडे फार पक्का आहे, पण शरीराला तसा नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, मऊ आणि विनासायास, हे सगळं ठीक. मावशींचं सगळ्यात मोठं जेवण दुपारचं, तर आतड्याला सगळ्यात जोरदार इशाराही तेव्हाच. दीडला जेवायचं, पावणेदोनला दहा मिनिटं बसायचं, झालं तर झालं.

इथे कमोडची अडचण निघाली. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांची सोय म्हणून घरातलं भारतीय पद्धतीचं भांडं काढून कमोड बसवलेला. मावशी बुटक्या, पाय अधांतरी लोंबायचे. उकिडवं बसलं की गुदाशय आणि गुदद्वार यांच्यामधला कोन सरळ होतो, कमोडवर तो वाकडाच राहतो. बाजारात बसायचा एक जुना प्लास्टिकचा बुटका स्टूल त्यांनी पायांखाली घेतला, कोपरं गुडघ्यांवर टेकवली. दुसऱ्या आठवड्यात निरोप आला की कुंथावं लागत नाही.

ताट

यादी घेऊन आलेल्या सुनेला मी म्हटलं, यादी फाडून टाक. तिखट बंद, आंबट बंद, मासे बंद, नारळ बंद, असं कुणीतरी लिहून दिलेलं. मासे विकणाऱ्या बाईने मासे खायचे नाहीत म्हणजे तिने जगायचं कशासाठी? सरसकट पथ्याला आधार नाही; ज्याला जे सोसत नाही ते त्याने शोधावं. मावशींनी शोधलं. रात्री तळलेला बांगडा सोसत नाही. सोलकढी दुपारी चालते, रात्री नारळाच्या दुधाचं जड पडतं. तिरफळाने काही होत नाही. सोडा पिऊन ढेकर आला की बरं वाटतं, पण तोच ढेकर आम्ल वर आणतो, म्हणून तो सोडला. चहा सात-आठ कपांवरून तीनवर.

चोथ्याचा प्रश्न मात्र खरा. पॉलिश केलेला भात आणि मासे या जोडीत चोथा नगण्य. पण त्यासाठी परदेशी धान्यं विकत आणायची गरज किनाऱ्यावर नाही. लाल माठ, पावसात टाकळा, चवळी, वाल, कुळीथ, केळफूल, कच्च्या फणसाची भाजी, नाचणीची भाकरी, परसातली पपई. कुळथाची पिठी पातळच केली जाते, पण अख्ख्या कुळथाची उसळ आठवड्यातून दोनदा ताटात आली.

मशेरी सुटली नाही. मावशींचं म्हणणं, मशेरी लावली की पोटाला चालना मिळते. त्यात तथ्य आहे, निकोटिन आतडं हलवतं. पण तेच वरचा स्नायू सैल करतं, आणि तोंडाच्या कर्करोगाचं भय वेगळंच. आता दुपारी पोट साफ होतंय म्हटल्यावर सकाळच्या मशेरीची सबब संपली, पण सवय संपलेली नाही. तीनदाची एकदा झाली आहे.

पुढे

तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून मावशींनी पँटोप्राझोल बंद केलं आणि चार दिवसांत दुप्पट जळजळ घेऊन आल्या. हे औषध एकदम थांबवलं की दाबून ठेवलेले पंप काही काळ जोरात आम्ल सोडतात. रोग बळावला असं वाटतं, तसं असतंच असं नाही. पुन्हा सुरू करून आठ आठवडे पूर्ण केले, मग २० मिलिग्रॅम, मग दिवसाआड, मग गरजेपुरतं. मधल्या वाईट रात्रींसाठी फॅमोटिडीन, तेही आम्ल कमी करणारंच. मावशींना त्याच जातीची जुनी रॅनिटिडीन हवी होती. भारताच्या २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ती काढली आहे, त्यात नको असलेलं रसायन तयार होत असल्याच्या चिंतेमुळे.

गणपतीत सगळं विस्कटलं. घरात पंधरा माणसं, रात्री बाराला भजन संपल्यावर उसळ-पाव आणि चहा, कमोडसमोर रांग. पाच दिवस शौच नाही, छातीत आग. पावडर दोन दिवस दुप्पट घेतली आणि गाडी रुळावर आली. असे दिवस येणार हे आधीच सांगून ठेवलेलं असलं की माणूस घाबरून नवी पिशवी भरत नाही.

बाजारातल्या कुलपाचं अर्धंमुर्धं झालं. बायकांनी मिळून मागणी केली, दुसरी किल्ली करून घेतली, ती फळ्यांच्या टोकाला बसणाऱ्या एकीकडे असते. पाण्याची बादली आळीपाळीने भरतात. नळाला पाणी नसलं की सगळं फिसकटतं. तरी मावशी आता सकाळी एक बाटली पाणी पितात.

सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.९. वजन चार किलो कमी. आवाज परत आला. रात्रीचं तोंडात येणं क्वचित. हर्निया आहे तिथेच आहे आणि राहील. औषधाने तो जात नाही आणि एवढ्याशा हर्नियासाठी शस्त्रक्रिया लागत नाही. सध्या पिशवीत टेल्मिसार्टन, इसबगोल, गरजेला पावडर आणि गरजेला फॅमोटिडीन, इतकंच. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत पर्यटक असतात, संध्याकाळची फेरी चुकत नाही आणि जेवण साडेआठवर जातं. तेवढ्या महिन्यांत पँटोप्राझोल २० मिलिग्रॅम पुन्हा, त्या जेवणाआधी पाऊण तास, बाजारात फळीवर बसूनच घ्यायचं असं ठरलं आहे. घास अडकला, वजन न ठरवता उतरलं किंवा काळी शौच झाली तर हंगाम बघायचा नाही, त्याच दिवशी यायचं, हेही त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं आहे.